कार्नेज, कार्निव्हल आणि मटणाची लाइन

गटारीच्या रविवारी सकाळी साडेआठलाच मटणाच्या लाइनीत उभा होतो, पुढं वीसेक माणसं, कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या हातात स्टीलचा डबा, आणि तेवढ्यात भाचीचा मेसेज, "मामा, कार्नेज म्हणजे काय ओ?" तिची एमपीएससी चालूय. मी लगेच टाकलं, कत्तल, रक्तपात. मग म्हटलं लाइन काय हलंना, शब्द आला कुठून ते तरी बघू, तर फिरून ह्याच दुकानाच्या फळीपाशी आलो की!

लॅटिनमध्ये 'कारो' म्हणजे मांस. त्यावरनं 'कार्नाटिकम' (आपल्या शेजारच्या कर्नाटकाशी काय संबंध नाही, हसू नका), म्हणजे कुळानं मालकाला द्यायचा मांसाचा वाटा. ते इटालियनमध्ये गेलं, फ्रेंचमध्ये गेलं आणि १६००च्या आसपास इंग्रजीत येईपर्यंत जनावराचं माणसावर आलं. म्हणजे पेपरात कार्नेज छापतात तेव्हा मेलेल्या माणसाला नाव नाही, गाव नाही, नुसतं मांस. मला ते वाचून कसंतरीच झालं. आपल्याकडं सोलापुरात १९३० साली इंग्रजांचा गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला, पुढं १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात चौघांना फाशी दिली, पण धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा ही नावं चौकातनं जाताना अजून दिसतात.

आपला 'कत्तल' अरबीतनं आलाय. तिकडं एकाचा खून केला तरी कत्लच, आपण मात्र ढिगानं माणसं मेल्याशिवाय कत्तल म्हणत नाही. आणि मोहरमची कत्तलची रात आपण मतदानाच्या आदल्या रात्रीला कधी चिकटवली देव जाणे, त्या रात्री वाटली जातात पाकिटं!

सगळ्यात भारी म्हणजे कार्निव्हल पण ह्याच खानदानातला, कार्नेजचा सख्खा चुलतभाऊ. अर्थ काय, तर मांस बाजूला ठेवणं. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपास, त्यामुळं त्याच्या आधी खाऊन पिऊन नाचून घ्यायचं. गटारीच की बे ही!

हे सगळं मी भाचीला एका दमात टाइप करून पाठवलं. तिचा रिप्लाय आला, "मामा, पेपरात चार ऑप्शन असतेत, एकाला गोल करायचा असतोय."

तेवढ्यात माझा नंबर आला.