आमची वाटचाल : तिसऱ्या गिअरच्या तुटलेल्या दातांपासून

आमची कार्यशाळा सुरू झाली ती फक्त गिअरबॉक्स दुरुस्तीवर. टर्बोच्या (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या यंत्राच्या) गाड्या दुसरीकडे तयार व्हायच्या, बूस्ट म्हणजे तो हवेचा दाब वाढवला जायचा आणि पुढे कधीतरी त्यांचा गिअरबॉक्स आमच्या टेबलावर यायचा. खोलला की बहुतेक वेळा तेच दिसायचं: पहिला-दुसरा गिअर शाबूत, तिसऱ्याचे दात उडालेले, तळाच्या तेलात लोखंडाचा चुरा. पहिल्या-दुसऱ्यात जोर जास्त झाला तर टायर जागेवर फिरतात आणि भार सुटतो. तिसऱ्यात टायर रस्ता सोडत नाहीत, बूस्ट पूर्ण चढलेला असतो आणि सगळा टॉर्क (फिरवण्याचा जोर) दातांवर बराच वेळ बसतो.

या दातांनीच आमच्या धंद्याला दिशा दिली. ग्राहक हॉर्सपॉवरचा आकडा सांगायचा, आम्ही टॉर्क विचारू लागलो, आणि तो किती आरपीएमला (मिनिटाला फेऱ्यांना) येतो तेही. ३०० हॉर्सपॉवर ६५०० आरपीएमला मिळत असेल तर त्या जागी टॉर्क साधारण ३३० न्यूटन-मीटर असतो. तेवढीच ताकद ४५०० ला मिळत असेल तर तो ४७५ च्या आसपास जातो. कागदावर दोन्ही गाड्या सारख्या, पण गिअरबॉक्ससाठी दुसरी गाडी कितीतरी जड. लवकर बूस्ट देणारा छोटा टर्बो चालवायला सुखाचा असतो, म्हणून रोजच्या गाडीत तोच बसतो, आणि बॉक्सची खरी परीक्षाही तोच घेतो.

नुसती दुरुस्ती करून तोच बॉक्स परत बसवण्यात अर्थ नाही हे दिसू लागलं तसं आम्ही बॉक्स बदलण्याच्या कामात उतरलो. तिथे पहिला गैरसमज भेटला तो गिअरच्या संख्येचा. सहा गिअरचा बॉक्स पाचापेक्षा चांगलाच, असं धरून लोक यायचे. पण तेवढ्याच लांबीच्या कवचात सहावी जोडी बसवायची तर प्रत्येक गिअर अरुंद होतो. मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन ९ मध्ये दोन्ही प्रकारचे बॉक्स आले, आणि ताकद वाढवणाऱ्यांनी पाच गिअरचाच जास्त भरवशाचा मानला. सहा गिअर आणि ताकद दोन्ही हवं असेल तर बॉक्सच मोठा लागतो. ट्रेमेकचा टी५६ तसा आहे. १९९२ च्या डॉज व्हायपरसाठी तो आला, तेव्हा तो बोर्ग-वॉर्नरचा होता. त्याच्या नंतरच्या मॅग्नम रूपाची क्षमता ट्रेमेक साधारण ९५० न्यूटन-मीटर सांगते. बोर्ग-वॉर्नरचा टी५ हलका आहे, हाताला फार गोड लागतो, पण त्याची चांगली आवृत्तीसुद्धा ४००-४५० च्या आसपास थांबते. टोयोटा सुप्राच्या चौथ्या पिढीत कारखान्यानेच हा फरक केला होता: बिनटर्बो गाडीला डब्ल्यू५८, टर्बोला गेट्रागचा व्ही१६०.

आमचं ठाम मत आहे की रोजच्या गाडीला बॉक्स टॉर्कपेक्षा थोडा वरचा घ्यावा, खूप वरचा घेऊ नये. मोठ्या बॉक्सचे गिअर आणि शाफ्ट जड असतात, गिअर बदलताना सिंक्रोला (गिअर जुळण्याआधी वेग सारखे करणाऱ्या कड्यांना) तेवढं वजन आवरावं लागतं, थंड तेलात तर जास्तच. ज्याला दिवसभर पहिला-दुसरा, दुसरा-पहिला करत गर्दीतून जायचंय त्याला ते मनगटात जाणवतं. सरळ दातांचा, बिनसिंक्रोचा डॉग बॉक्स आम्ही रोजच्या गाडीत बसवतच नाही, ग्राहक कितीही आग्रह करो. त्याचा सतत येणारा आवाज आणि हळू वेगात गिअर टाकताना बसणारा धक्का शर्यतीच्या मैदानात खपून जातो, घरच्या गाडीत नाही.

गिअरच्या गुणोत्तरांवर मात्र आम्ही ग्राहकासोबत बसून सर्वांत जास्त वेळ घालवतो. टायरचा परीघ २ मीटर धरला तर ताशी १०० किमीला चाक मिनिटाला ८३३ वेळा फिरतं. फायनल ड्राइव्ह (चाकांआधीचं शेवटचं गुणोत्तर) ३.९ आणि वरचा गिअर ०.८ असेल तर इंजिन २६०० वर राहतं, ०.६३ असेल तर २०५० च्या जवळ. दुसरा आकडा शांत आणि इंधन वाचवणारा. पण टर्बो ३५०० ला जागा होत असेल तर ओव्हरटेक करताना दोन गिअर खाली यावं लागतं. आणि टर्बो लवकर जागा होणारा असेल आणि कोणी खाली न येता तिथेच पाय दाबला, तर कमी आरपीएमवर भरपूर बूस्ट ही इंजिनासाठी धोक्याची वेळ असते, विशेषतः डायरेक्ट इंजेक्शनच्या (इंधन थेट सिलिंडरात सोडणाऱ्या) इंजिनात. दुसरा १.९ आणि तिसरा १.३ असेल तर ६५०० ला बदललेला गिअर ४४५० ला उतरतो. ही उतरण्याची जागा बूस्टच्या आत हवी. हे गणित जुळलं की साधं इंजिनही जिवंत वाटतं.

क्लचबद्दल थोडक्यात: सिरॅमिक पकचा (सिरॅमिकच्या तुकड्यांचा, एकदम पकडणारा) क्लच चढावर अर्ध्या पायावर धरता येत नाही, म्हणून टॉर्क फार वाढला की आम्ही दोन प्लेटचा ऑरगॅनिक (हळुवार पकडणारा) घेतो. हलका फ्लायव्हील (इंजिनामागचं जड चाक) बसवला तर न्यूट्रलमध्ये बॉक्स खडखडतो. तो बिघाड नसतो, हे आधीच सांगून ठेवतो. तेल बॉक्स बनवणाऱ्याने सांगितलेलंच. जीएल-५ हा गिअर तेलाचा दर्जा जीएल-४ पेक्षा वरचा, असं समजून भरलेलं तेल काही बॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगांना बाधतं, आणि टी५ च्या वर्ल्ड क्लास आवृत्तीला तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं.

दुसऱ्या इंजिनाला दुसरा बॉक्स जोडायला घेतल्यापासून बेलहाउसिंगचं (इंजिन आणि बॉक्स जोडणाऱ्या कवचाचं) केंद्र डायल गेजने तपासल्याशिवाय आम्ही बॉक्स वर चढवत नाही. ०.१३ मिलीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर ऑफसेट डॉवेल पिन (केंद्र सरकवणाऱ्या पिना) लावून तो आत आणतो. केंद्र चुकलं की इनपुट शाफ्टचं बेअरिंग आणि पायलट बेअरिंग लवकर जातं, गिअर किरकिरतात, आणि दोष विनाकारण बॉक्सवर येतो. याला वेळ लागतो, गाडी रॅम्पवर अडकते, पण हे काम आम्ही मदतनिसावर सोडत नाही.

आता नवीन ग्राहक आला की आधी त्याच्या गाडीत शेजारी बसून त्याचा रोजचा रस्ता पाहतो. ईसीयू (इंजिनाचा संगणक) जुळवणाऱ्याशी बोलून पहिल्या तीन गिअरना बूस्ट किती ठेवायचा ते ठरवतो. बूस्ट थोडा कमी करून मूळ बॉक्सच टिकत असेल तर तसंच सांगतो. अशा कितीतरी गाड्या नवा बॉक्स न घेता परत गेल्या आहेत. त्यांचं तेल बदलायला त्या आमच्याकडेच येतात, आणि काढलेलं तेल आम्ही मालकासमोर चुंबक फिरवून तपासतो.