पिन क्रमांक मिळेपर्यंत

मिरजेच्या एका रुग्णालयात सात वर्षे स्टाफ नर्स म्हणून नोकरी केल्यानंतर जून २०२२ मध्ये मी उत्तर इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात रुजू झाले, आणि त्यानंतरचे पाच महिने मला कोणत्याही रुग्णाला साधी पॅरासिटामॉलची गोळीही देता येत नव्हती. माझी जीएनएमची, म्हणजे परिचर्येची, पदविका आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी कागदोपत्री तपासून झाली होती. तरीही इथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या, म्हणजे एनएमसीच्या, नोंदवहीत नाव लागून पिन, म्हणजे नोंदणी क्रमांक, मिळाल्याखेरीज स्वतःला रजिस्टर्ड नर्स म्हणवणे हा कायद्याने गुन्हा आहे.

तिकडून निघण्याआधीचा टप्पा बहुतेकींना ठाऊक असतो. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाला ६.५ आणि वाचन, श्रवण व संभाषण या उरलेल्या तिन्हींना ७ गुण लागतात. मी लेखनात दोनदा ६ वर अडकले. सीबीटी ही संगणकावरची परीक्षा त्या मानाने सोपी गेली. तिच्या पहिल्या भागात औषधांच्या मात्रांचे १५ हिशेब आणि दुसऱ्यात परिचर्येचे १०० प्रश्न होते. खरा वेळ गेला तो नावापायी. दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि नोंदणीवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे. त्यामुळे राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेईपर्यंत पुढचा एकही कागद हलला नाही. शिवाय आपल्या नोंदणीची पडताळणी आपल्या परिषदेने थेट एनएमसीला कळवायची असते, ती आपल्या हातून चालत नाही. ज्या मुली आता या वाटेला लागणार आहेत त्यांनी इंग्रजीच्या क्लासला पैसे भरण्याआधी सगळ्या कागदांवरचे नाव एक करून घ्यावे, असे मी कळकळीने सांगेन.

इथे आल्यावर ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा होईपर्यंत मी साहाय्यकाच्या श्रेणीत होते. ऑगस्टमधल्या एका रात्री आमच्या वॉर्डात तीनऐवजी दोनच रजिस्टर्ड नर्स होत्या. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या एक आजी पहाटे तीनच्या सुमारास कण्हू लागल्या. त्यांच्या औषधांच्या तक्त्यावर वेदनाशामक लिहिलेले होते, आधीच्या डोसला सहा तास उलटून गेले होते आणि औषधांचे कपाट माझ्यापासून दहा पावलांवर होते. पण किल्ली असलेली सिस्टर दुसऱ्या टोकाला एका अत्यवस्थ रुग्णाजवळ अडकली होती. मी आजींच्या गुडघ्यांमधली उशी नीट केली, त्यांचा हात धरला आणि चाळीस मिनिटे तशीच बसून राहिले. जे काम मी सात वर्षे रोज केले ते करायला मला मनाई आहे, आणि त्याची किंमत या आजी मोजत आहेत, याचा त्या रात्री मला फार संताप आला.

सप्टेंबरमध्ये ऑस्कीला बसले. तिच्यात एकूण दहा स्टेशने, म्हणजे परीक्षेचे टप्पे, असतात: एकाच रुग्णाची तपासणी, नियोजन, उपचार आणि मूल्यमापन ही चार, चार प्रत्यक्ष कौशल्यांची आणि दोन लेखी. पैकी दोनांत मी नापास झाले. औषध देण्याच्या स्टेशनवर मी रुग्णाला नाव विचारले, पण मनगटावरच्या पट्टीशी ते ताडून पाहिले नाही आणि ॲलर्जीबद्दल विचारले नाही. दुसऱ्या ठिकाणी चुकलेला आकडा एका रेघेने खोडून सही करण्याऐवजी मी तो गिरवून दुरुस्त केला. मिरजेत चाळीस खाटांना रात्री आम्ही दोघी असायचो. रुग्ण तोंडओळखीचे, उशाशी नातेवाईक बसलेले आणि ॲलर्जी केस पेपरवर लाल शाईने लिहिलेली. पट्टी न पाहण्याची सवय मला त्या धावपळीत लागली होती आणि ती धोक्याची होती, हे मी मान्य केले. फेरपरीक्षेचे ३९७ पौंड भरून ऑक्टोबरमध्ये उत्तीर्ण झाले आणि नोव्हेंबरमध्ये पिन क्रमांक आला. एनएमसीची नोंदवही कोणालाही पाहता येते; माझ्या भावाने सांगलीत बसून फोनवर माझे नाव शोधले आणि वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले.

परवान्याची अट सैल करावी, असे मला आता वाटत नाही. मला सलते ते वेगळेच आहे. माझी परीक्षा एनएमसीने दहा स्टेशनांवर घेतली. पण पिन मिळाल्यानंतरच्या पहिल्याच नाइटला माझ्याकडे बारा रुग्ण आले, तेव्हा त्या संख्येला हरकत घेणारा कोणताही कायदा इंग्लंडमध्ये नव्हता. वेल्समध्ये २०१६ पासून तसा कायदा आहे. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असे प्रमाण ठरवून दिले आहे, आणि ते प्रत्यक्षात किती पाळले जाते हे नाइट केलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. शिक्षणाचेही तेच. इंग्लंडने २०१७ मध्ये नव्या नर्सिंग विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती बंद केली आणि २०२० मध्ये वर्षाला किमान ५,००० पौंडांचे अनुदान पुन्हा सुरू केले. तरी २०२२ मध्ये इथल्या सरकारी आरोग्यसेवेत परिचारिकांच्या चाळीस हजारांहून अधिक जागा रिकाम्या होत्या. त्या जागा माझ्यासारख्यांनी भरल्या म्हणजे मिरजेच्या वॉर्डातली एक जागा रिकामी झाली, ही गोष्ट मी मनाआड करू शकत नाही. त्याच डिसेंबरात इथल्या परिचारिका वेतनासाठी आणि रुग्णांच्या सुरक्षिततेसाठी संपावर गेल्या, तेव्हा त्यांच्या मागण्यांतला शब्द न् शब्द मला ओळखीचा वाटला.

दर तीन वर्षांनी नोंदणीचे पुनर्प्रमाणीकरण करावे लागते: ४५० तासांचे काम, ३५ तासांचे शिक्षण, पाच अभिप्राय आणि पाच लेखी अनुभवकथने. २०२५ मध्ये माझी पहिली पाळी आली. अनुभवकथनाच्या अर्जात विचारतात की त्या प्रसंगातून तुम्ही काय शिकलात, कामात काय बदललेत आणि एनएमसीच्या आचारसंहितेशी त्याचा संबंध काय. पाचांपैकी एक मी त्या आजींवर लिहिले. रुग्णाच्या सुरक्षिततेला धोका दिसला तर तो तत्काळ वर कळवावा, असे सांगणारे १६ वे कलम मी त्यात नमूद केले आणि बदल म्हणून लिहिले की, ज्या पाळीत नर्स कमी असते त्या पाळीतच, हँडओव्हर देण्याआधी, मी त्याची लेखी नोंद करते.