वजाबाकी

दुपारी जरा आडवी झाले होते. डोळा लागायच्या आत मोबाइलवर आलेला तपासणीचा रिपोर्ट नजरेखालून घालावा म्हटलं. साखर ठीक, हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक. रक्तदाब तर इतका शहाण्यासारखा की हा आपलाच का, असा संशय यावा. आणि अगदी खाली, शेवटच्या ओळीत, एका आकड्याच्या कडेला बारीकशी चांदणी. बीएमआय २६.२. चांदणीचा अर्थ पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत दिला होता: अतिवजन.

इतक्या सगळ्या ‘ठीक’ना ओलांडून मन जाऊन बसलं ते त्या चांदणीपाशी. झोप उडाली.

उंची एक मीटर अठ्ठावन्न, वजन साडेपासष्ट. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. उठून कागदावर मीच तो भागाकार केला, कारण वजनाच्या बाबतीत माझा कुठल्याही मशीनवर विश्वास नाही. आमच्या घरातला काटा बाथरूमच्या दाराजवळच्या एका ठरावीक फरशीवरच ठेवायचा असतो. दोन फरश्या पलीकडे सरकवला की तो चारशे ग्रॅम जास्त दाखवतो. काट्यावर चढण्याआधी घड्याळ काढायचं, कानातलं काढायचं, चष्मा काढायचा. चष्मा काढला की आकडा दिसत नाही, म्हणून तो हातात धरायचा. हातातला चष्माही वजनात धरला जातो, हे लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली.

तर उत्तर तेच आलं. पण उत्तरापुढे लिहायचं एकक मी आजवर कधी नीट वाचलंच नव्हतं. किलो प्रति चौरस मीटर. अहो, हे तर कागदाचं माप! झेरॉक्सचा साधा कागद ८० जीएसएमचा असतो, म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम. भेटकार्डाचा जाड कागद तीनशेच्या आसपास. त्या हिशेबाने मी २६,२०० जीएसएम. इतका दणकट पुठ्ठा कुणी काढला असेल असं वाटत नाही.

हा भागाकार पहिल्यांदा मांडणारा गृहस्थ डॉक्टर नव्हता. अडॉल्फ केतले, बेल्जियमचा, खगोलशास्त्र आणि गणित यांत रमलेला. एकाच ताऱ्याची जागा दहा जणांनी मोजली तर दहा उत्तरं येतात. त्यांची सरासरी काढली की खऱ्या जागेच्या जवळ जाता येतं, बाकी राहतात त्या चुका. केतलेने १८३०च्या दशकात हीच युक्ती माणसांना लावली. सरासरी माणूस तेवढा खरा, आणि आपण सगळे त्याच्या आजूबाजूला सांडलेल्या चुका. मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, हे त्याला त्या आकडेमोडीत दिसलं. कोण आजारी आणि कोण धडधाकट हे त्याला ठरवायचंच नव्हतं, गर्दीचा अदमास घ्यायचा होता. पुढे १९७२ साली अमेरिकेतल्या अँसेल कीझ या संशोधकाने याच भागाकाराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. त्यासाठी पाच देशांतल्या सात हजारांहून जास्त माणसांची मापं तपासली होती. सगळे पुरुष.

ताऱ्यांपासून निघून, पुरुषांवरून, माझ्यापर्यंत. रिपोर्टात चांदणीच यावी हे बरोबरच आहे.

वजनाची माझी सगळ्यात जुनी आठवण दवाखान्यातली. मी सात-आठ वर्षांची असेन. धाकटा भाऊ आईच्या कडेवर, आणि काट्याला पाय लागले की तो जो आकांत करायचा तो रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. म्हणून कंपाउंडर आईला त्याच्यासकट काट्यावर उभं करायचे. मग भाऊ माझ्याकडे आणि आई एकटी. दोन आकडे चिठ्ठीच्या मागे एकाखाली एक लिहून वजाबाकी. मला नुकतीच हातच्याची वजाबाकी जमायला लागली होती, त्यामुळे त्या चिठ्ठीवर माझा हक्कच असल्यासारखी मी टाचा उंचावून बघायची. एकदा भर दवाखान्यात, बाकावर पंधरा-वीस माणसं बसलेली असताना, मी उत्तराआधीची सगळी पायरी मोठ्यांदा वाचली. साडेसदुसष्ट वजा अठ्ठावन्न! आईने हाताला धरून मला बाजूला घेतलं आणि दातांवर दात ठेवून म्हणाली, “ते वजा करायचं असतं, सांगायचं नसतं.”

बाळाचे साडेनऊ किलो मात्र तिने संध्याकाळपर्यंत चार घरी सांगितले. साडेनऊ भरला, चांगला गुटगुटीत आहे.

हा ‘गुटगुटीत’ शब्द माझ्या डोक्यात तेव्हापासून अडकून बसलाय. बाळ असलं की गुटगुटीत. तीच पोर पंधराची झाली की जाडी, आणि किडकिडीत असली तर तिलाही सोडत नाहीत, ‘जरा अंग धरू दे आता’ म्हणतात. तिने अंग धरलं की थोड्याच वर्षांत ‘अंग सुटलं बाई हिचं’. धरायचं कधी आणि सुटू द्यायचं कधी याचं वेळापत्रक कुणाकडे असतं कोण जाणे! मग एकदम म्हातारपणी ‘किती वाळली!’ पुरुषाला मात्र आपली भाषा ‘अंगापिंडाने मजबूत’ म्हणते आणि पुढे चालू लागते. ‘हाडापेराने मोठी’ हा त्यातल्या त्यात बाईवर दया करणारा शब्द. आमची एक मावशी तो स्वतःबद्दल आयुष्यभर वापरत आली. आम्ही हसायचो. आता वाटतं, तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. काट्याला हाड, स्नायू, पाणी आणि चरबी यांतलं काही वेगळं कळत नाही. पाळीच्या आधी अंगात पाणी साठून एखादा किलो वाढतो, तोही तो निमूटपणे मोजून मोकळा होतो.

कॉलेजात आमच्यात एक मुलगी होती. उंच, सडपातळ, कुठलाही कपडा तिच्यासाठीच शिवल्यासारखा. उंची १६० सेंटीमीटर आणि वजन ४१. हे आम्हाला माहीत होतं, कारण आम्ही सगळ्या ते पाठ करून होतो. तिच्यासारखं दिसावं म्हणून मी एक अख्खं वर्ष काय काय केलं ते इथे लिहीत नाही. शेवटच्या परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करता करता ती सहज सांगावं तशी म्हणाली, आठ महिने झाले, पाळी आली नाहीये. मला काय बोलावं सुचेना. मी तिला पुढच्या धड्याच्या नोट्स दिल्या. तिचा बीएमआय १६ होता, हा भागाकार मी आज दुपारी, इतक्या वर्षांनी केला. तेव्हा कुणीही तिच्या नावापुढे चांदणी काढली नाही. काढली असती तरी आम्ही ती बक्षिसाची समजलो असतो.

दिसण्याचा हिशेब मांडणारेही काही कमी नाहीत. देवेंद्र सिंग नावाचे टेक्सासमधले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९९३ साली पुरुषांना बायकांची रेखाचित्रं दाखवून सांगितलं की कंबरेला नितंबांच्या मापाने भागल्यावर ०.७ आलं तर ती आकृती सगळ्यात आवडते. मग दुसरे संशोधक आले. त्यांनी रेखाचित्रांऐवजी फोटो दाखवले आणि म्हणाले, तो भागाकार राहू द्या, खरा प्रभाव बीएमआयचा. म्हणजे फिरून पुन्हा आमचे केतलेच! व्हिएन्नाच्या संग्रहालयात एक चुनखडीची मूर्ती आहे, जेमतेम ११ सेंटीमीटरची, ऑस्ट्रियात १९०८ साली सापडलेली. पंचवीस हजारांवर वर्षांपूर्वी कुणीतरी मन लावून घडवलेली. भरगच्च छाती, सुटलेलं पोट, जाड मांड्या. तिला ठेवलेलं नाव आहे व्हीनस. त्या कलाकाराला कुणी ०.७ सांगितलं नव्हतं, एवढं नक्की.

आणि नॉर्मा! नॉर्माची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत सुमारे १५,००० तरुणींची मापं घेऊन त्यांच्या सरासरीवरून एक पुतळा केला, त्याचं नाव नॉर्मा. १९४५ साली क्लीव्हलंडच्या एका वर्तमानपत्राने स्पर्धा लावली, नॉर्माशी जुळणारी खरीखुरी मुलगी शोधा. ३,८०० हून जास्त जणींनी आपली मापं पाठवली. नऊच्या नऊ मापांत जुळणारी एकही निघाली नाही. नऊपैकी पाचांतच जुळणाऱ्यासुद्धा चाळीस भरल्या नाहीत. परीक्षकांनी त्यातल्या त्यात जवळची एक निवडली आणि बक्षीस देऊन टाकलं. सरासरी बाई सापडत नाही म्हटल्यावर सरासरीबद्दल काही शंका घ्यावी, हे कुणाला सुचलं नाही. उलट बायकांनी व्यायाम कमी केला असणार असं म्हणणारे निघाले.

अमेरिकेत विमा कंपन्यांचेही वजनाचे तक्ते असायचे, माणूस किती जगेल याच्या अंदाजासाठी. १९५९च्या तक्त्यात बाईची उंची दोन इंच टाचेच्या बुटांसकट धरली होती. टाचेचे दोन इंच उंचीत धरायचे, आणि मी हातातल्या चष्म्याचा विचार करत बसले! रेषाही हलते. १९९८च्या जूनपर्यंत तिथे बायकांसाठी अतिवजनाची सीमा २७.३ होती, मग ती २५ वर आणली. एका ग्रॅमचाही फरक न पडता लाखो माणसं एका दिवसात पलीकडे गेली. म्हणजे माझी २६.२ ही कधीकाळची पास झालेली उत्तरपत्रिका आहे. पण मी आशियाई. आपल्या अंगात तेवढ्याच बीएमआयला चरबी जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली आपल्यासाठी सावध व्हायची खूण २३ वर ठेवली. त्या खुणेने मी केव्हाच नापास.

इथवर आल्यावर मला चांगलंच स्फुरण चढलं होतं. चांदणीविरुद्ध पुरावे साठत चालले होते. २०२५च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांनीही सांगितलंय की नुसत्या बीएमआयवरून कुणाला लठ्ठपणाचा रोगी ठरवू नका, कंबर मोजा, अवयवांवर काय परिणाम झालाय ते बघा. मांड्यांवरच्या चरबीपेक्षा पोटात आतड्या-यकृताभोवती साठलेली वाईट, आणि पाळी गेल्यावर बाईची चरबी नेमकी तिकडे सरकते. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा त्यातल्या त्यात सुटसुटीत नियम. शिवणाच्या डब्यातून टेप काढली. माझ्या उंचीचा निम्मा म्हणजे ७९. श्वास ओढून मोजली, ७८. विजय! मग कुणी बघत नसतानाही का कोण जाणे, प्रामाणिकपणा सुचला. श्वास सोडून मोजली. ८१.

टेप गुंडाळून डब्यात ठेवून दिली. चांदणीची वाट चुकीची होती, पण पोचली होती बहुधा बरोबर घरी. याचा राग जास्त आला.

संध्याकाळी आईला तपासणीला न्यायचं होतं. हल्ली तिचा तोल राहत नाही, काट्यावर एकटी उभी राहू शकत नाही. मोठा, जमिनीलगतचा काटा होता. नर्स म्हणाली, “ताई, तुम्ही दोघी चढा, मग तुमचं वजा करू.” मी आईला मागून दोन्ही हातांनी धरलं. तिच्या बरगड्या बोटांना मोजता येत होत्या. १०३.७. मग आईला खुर्चीत बसवून मी एकटी, ६६.९. नर्स मोबाइलमधला कॅल्क्युलेटर शोधत होती तोवर माझं झालंही होतं. ३६.८. मागच्या महिन्यात ३८.२ होतं.

नर्सने ते लिहून घेतलं. चांदणी वगैरे काही काढली नाही.

“किती भरलं गं?” आईने विचारलं. मी तिच्या कानाशी वाकून मागच्या महिन्याचा आकडा सांगितला. ती मान हलवत जरा वेळ गप्प राहिली.

“आणि तुझं?”

“या मशीनचं काही खरं नाही,” मी म्हटलं, “दीड किलो जास्तच दाखवतंय.”