सात वारांचे सात सीडी प्लेअर

"एका वेळी ऐकायची सीडी एकच, मग घरात सात सीडी प्लेअर कशासाठी?" माहीमच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरी पहिल्यांदा येणारा पाहुणा समोरच्या भिंतीवरील रॅक पाहतो आणि चहा यायच्या आत हा प्रश्न विचारतो. धाकट्या बहिणीचा मुलगा तर दर दिवाळीला म्हणतो, "मामा, यातले सहा विकून एकच चांगला का नाही घेत?" आजवर मी "आवड आहे" एवढ्याच दोन शब्दांत उत्तर देत आलो, कारण खरे उत्तर द्यायला निदान तासभर लागतो आणि एखादे यंत्र उघडून दाखवावे लागते. तुम्ही विचारलेत आणि ऐकून घेण्याची तयारीही दाखवलीत, म्हणून ते येथे सविस्तर लिहितो.

सात आहेत, कारण वार सात आहेत. प्रत्येक यंत्राला एक वार नेमून दिलेला आहे आणि त्या दिवशी दिवेलागणीनंतर त्यावर एक सीडी पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत वाजते. आठवे यंत्र आणले तर त्याला वार मिळणार नाही, आणि ज्या यंत्राला वार नाही ते मुंबईच्या हवेत फार काळ टिकत नाही, हे मी नुकसान सोसून शिकलेलो आहे.

न वापरलेली वस्तू झिजत नाही, ती नवीच राहते, असे आपण सहज धरून चालतो. वास्तविक आपल्याच घरांत याच्या उलट रीत आहे. कपाटातल्या पैठणीची घडी वर्षातून एकदा तरी मोडून वेगळी घालावी लागते, नाहीतर ती घडीवर चिरते. यंत्राचेही तसेच आहे. आमच्या घरापासून मिठी नदीची खाडी जवळ आहे. तिच्या सांडपाण्यातून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूने देवघरातील चांदीची निरांजने पंधरवड्यात काळवंडतात, आणि खाडीकाठच्या इमारतींत एसीची तांब्याची कॉइल अकाली सच्छिद्र होते, हे या भागातील प्रत्येक एसी दुरुस्त करणाऱ्याला ठाऊक आहे. जी हवा जाड तांब्याला खाते ती रिलेच्या, म्हणजे विजेवर उघडमीट करणाऱ्या इवल्या स्विचच्या, नाजूक संपर्कांना सोडील कशी? त्यात पावसाळ्याचे चार महिने दमट हवेचे. सीडी आतबाहेर नेणाऱ्या ट्रेचा रबरी बेल्ट एकाच ठिकाणी ताणून बसतो, मऊ होतो आणि शेवटी डांबरासारखा कप्पीला चिकटतो. लेन्स ज्या रुळावरून सरकते त्यावरील ग्रीस मेणासारखे घट्ट होते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हणजे वीज थोडा वेळ साठवणारा भाग; त्याच्या आत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर असतो आणि तोच त्यातील विद्युतरोधक असतो. दीर्घकाळ व्होल्टेज मिळाले नाही तर हा थर क्षीण होत जातो, आणि नियमित मिळत राहिले तर तो पुन्हा भरून येतो. म्हणजे त्या भागापुरते तरी चालू राहणे हेच औषध आहे.

हे मला कळले ते माझ्या मामांच्या यंत्रामुळे. मामा आखातात नोकरीला होते आणि १९८६ साली सुट्टीवर येताना त्यांनी एक सीडी प्लेअर व त्यासोबत अकरा सीडी आणल्या होत्या. दर रविवारी सकाळी ते तो लावत, आणि चकती फिरू लागण्यापूर्वी आतून येणारा तो बारीक "टिक्" आवाज ऐकण्यासाठी आम्ही भाचरे रांगेने बसत असू. मामा गेल्यावर मामींनी ते यंत्र अत्यंत काळजीपूर्वक प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवले. नऊ वर्षांनी त्यांनी ते मला दिले, तेव्हा पिशवीच्या आतल्या बाजूस पाण्याचे थेंब होते. प्लास्टिकने बाहेरची ओल आत येऊ दिली नव्हती हे खरे, परंतु गुंडाळताना आत राहिलेली ओल त्याने बाहेरही जाऊ दिली नाही. ट्रे उघडेना. झाकण काढले तर बेल्टचा चिखल झालेला, लेन्सवर बुरशीची जाळी धरलेली आणि आउटपुटच्या रिलेचे संपर्क काळे पडलेले. मामींनी ते मायेने जपले होते आणि त्या जपण्यानेच ते बिघडले होते, हे मी त्यांना कधीही सांगितले नाही.

त्या एका यंत्राने मला साडेतीन महिने शिकवले. लॅमिंग्टन रोडवर बेल्टच्या दुकानात जुन्या बेल्टचा नमुना नेऊन उपयोग नव्हता, कारण तो वितळलेला होता, म्हणून दोन्ही कप्प्यांभोवती दोरा धरून परीघ मोजला आणि त्याहून थोडा लहान बेल्ट घेतला. लेन्स केसासारख्या बारीक आधारांवर तरंगत असते, त्यामुळे तिच्यावर कापसाची काडी टेकवायची ती स्वतःच्या वजनापलीकडे दाबायची नाही. आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब आणि गोल हलका हात. रुळाचे जुने ग्रीस पूर्ण पुसल्याशिवाय नवे लावायचे नाही. त्या काळच्या काही सर्किट बोर्डांत दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या रेषा धातूच्या छोट्या पोकळ रिव्हेटने जोडलेल्या असत. वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने तो जोड सैल होतो आणि यंत्र कधी चालते, कधी चालत नाही. अशा प्रत्येक भोकातून बारीक तार ओवून ती दोन्हीकडे सोल्डर करावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे आणि मला ते अतिशय आवडते.

ज्या दिवशी मामांच्या यंत्रातून पुन्हा "टिक्" असा आवाज आला, त्या दिवशी मी प्रथमच ते यंत्र काय करते आहे याचा नीट विचार केला. सीडीवर ज्या रेघेत आवाज साठवलेला असतो ती वेढे घेत आतून बाहेर जाते आणि तिच्या दोन वेढ्यांतील अंतर १.६ मायक्रॉन असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ७४ मिनिटांच्या सीडीवरील ही रेघ सरळ केली तर ५ किलोमीटरांहून अधिक भरेल, म्हणजे साधारण माहीम स्थानकापासून सांताक्रूझपर्यंतच्या रुळाइतकी. रेघेचा वेग सर्वत्र सारखा राहावा यासाठी चकती आत असताना मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेरच्या कडेला पोहोचेपर्यंत २०० पर्यंत मंदावते. फिरताना चकती अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वरखाली डुलू शकते, आणि तरीही लेन्सला तिच्यापासूनचे आपले अंतर एक-दोन मायक्रॉनच्या आत राखावे लागते. लेन्स चकतीला स्पर्श करीत नाही, ती केवळ परत येणाऱ्या प्रकाशावरून स्वतःला क्षणोक्षणी सावरत राहते. हे सगळे ४० वर्षांपूर्वी घरात ठेवण्याजोग्या एका पेटीत बसवले गेले, याचे आश्चर्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

आणि हे साधण्याचे मार्ग एकाहून अधिक होते. एकाने काम भागले असते तरी एकावर माझे समाधान का होत नाही, याचे उत्तर येथे आहे. १९८० साली फिलिप्स आणि सोनी यांनी सीडीचे मानक ठरवले, तेव्हा आवाजाचा प्रत्येक नमुना, म्हणजे क्षणाक्षणाला घेतलेले त्याचे मोजमाप, १६ बिटांचा असावा यावर एकमत झाले. परंतु फिलिप्सजवळ तोवर १४ बिटांचा कन्व्हर्टर, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाजाचा विद्युतसंकेत करणारा भाग, तयार होता. तो टाकून देण्याऐवजी त्यांनी त्याला सीडीवरील नमुन्यांच्या ४४.१ किलोहर्ट्झ या वेगाच्या चौपट वेगाने, म्हणजे १७६.४ किलोहर्ट्झने, चालवले आणि उरलेली चूक कानाला ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्ट्यात ढकलून १६ बिटांची अचूकता साधली. सोनीने १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये १,६८,००० येनला विक्रीस आणलेल्या सीडीपी-१०१ मध्ये १६ बिटांचा एकच कन्व्हर्टर होता आणि तो डाव्या व उजव्या वाहिनीला आळीपाळीने वापरला जात असे. त्या काळी फिलिप्सची लेन्स लंबकासारख्या डोलणाऱ्या हातावर बसत असे, सोनीची रुळांवरून सरकत असे. माझा रविवार फिलिप्सच्या सीडी-१०४ चा आहे. त्यावर शांत तंबोऱ्याने सुरू होणारी सीडी लावली, की स्वर लागण्यापूर्वीच्या त्या मिनिटात यंत्राची तब्येत कळते, कारण तंबोऱ्याच्या मंद नादात किंचितही खरखर लपत नाही.

गुरुवारी पायोनिअरचे स्टेबल प्लॅटर यंत्र असते. त्यात सीडी चित्राची बाजू खाली करून एका रुंद तबकडीवर ठेवायची असते आणि लेसर तिला वरून वाचतो. पाहुणे सीडी उलटी लागली म्हणून मला सावध करतात. चकतीचे डुलणे कमी करण्यासाठी केलेली ही योजना मुंबईत दुसऱ्याच कारणाने उपकारक ठरते, कारण लेन्सचे तोंड खाली असल्यामुळे तिच्यावर धूळ बसत नाही. शनिवारी सोनीचा १९८४ सालचा डी-५०. तो सीडीच्या चार डब्या एकमेकींवर ठेवाव्यात एवढाच आहे, आणि पहिले यंत्र निघाल्यापासून जेमतेम दोन वर्षांत एवढे सारे तेवढ्या जागेत बसवले गेले. बाकीची यंत्रे नव्वदच्या दशकातील साधी, मध्यम किमतीची आहेत. त्यांच्याविषयी विशेष सांगण्यासारखे नाही, फक्त ती विनातक्रार चालतात, आणि हा गुण लहान नव्हे.

यावर जाणकार माणूस एक रास्त शंका घेतो: चालवल्याने लेसर झिजत नाही का? झिजतो. त्याच्या तासांना मर्यादा असते आणि वय वाढते तसा तेवढाच प्रकाश देण्यासाठी तो अधिक करंट ओढू लागतो. सोनीच्या पुष्कळ पिकअपवर, म्हणजे लेसर आणि लेन्स मिळून असलेल्या भागावर, कारखान्यात मोजलेला या करंटचा आकडा चिकटवलेला असतो. ५४५ लिहिले असेल तर ५४.५ मिलिअँपिअर. तो आकडा सुमारे दहा टक्क्यांनी ओलांडला की पिकअप उतरणीला लागला असे समजावे. मी दर सहा महिन्यांनी हा करंट मोजून वहीत लिहितो. आठवड्याला एक तास म्हणजे वर्षाला ५२ तास, आणि इतक्याने माझ्या वहीतील आकडे वर्षानुवर्षे जवळपास हललेले नाहीत. माझ्या हाती आलेली मेलेली यंत्रे वाजून वाजून मेलेली फार थोडी होती. बहुतेक पडून राहिल्याने गेली होती आणि उरलेली स्क्रूड्रायव्हरने.

स्क्रूड्रायव्हरविषयी मला राग आहे. पिकअपच्या अंगावर लेसरची शक्ती ठरवणारा एक इवलासा स्क्रू असतो. सीडी अडखळू लागली, की बहुतेक वेळा लेन्सवर धूळ असते किंवा रुळावरचे ग्रीस आटलेले असते. परंतु घाईतला कारागीर "लेन्स गेली" असे सांगून तो स्क्रू फिरवतो. सीडी लगेच धडधडीत वाजू लागते, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाते आणि क्षमतेपलीकडे जळणारा लेसर काही आठवड्यांत कायमचा विझतो. माझ्या एका यंत्राचे असेच झाले. पिकअप बदलून मिळतो, पण जुन्या यंत्रांचे मूळ पिकअप आता दुर्मीळ आहेत, आणि दोन मिनिटांची सफाई टाळण्यासाठी ते असे जाळले जाणे मला सहन होत नाही.

एक चूक मात्र सर्वस्वी माझी होती. दारूखान्यात, जिथे मोडीत निघालेल्या जहाजांचे सामान विकले जाते, मला एक जपानी यंत्र मिळाले. मागच्या पट्टीवर १०० व्होल्ट असे स्पष्ट लिहिलेले असताना उत्साहाच्या भरात मी ते आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावले. ट्रान्सफॉर्मर एकदाच गुरगुरला आणि त्याच्या गुंडाळीतील थर्मल फ्यूज गेला. तेव्हापासून प्लग हातात घेण्याआधी मी मागची पट्टी मोठ्याने वाचतो. जपानी यंत्रांसाठी व्होल्टेज कमी करणारा एक स्वतंत्र स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर रॅकच्या तळाशी आहे.

वार ठरलेले असल्यामुळे संग्रहाला आपोआप शिस्त लागते. दोन वर्षांपूर्वी परळच्या एका शिक्षकांनी आपला प्लेअर मला देऊ केला. तो उत्तम होता, माझ्याजवळच्या दोघांहून नक्कीच सरस, आणि तरी मी तो घेतला नाही. त्यांच्याच घरी बसून तो उघडला, साफ केला आणि पुढच्या बाजूस "दर मंगळवारी एक सीडी" अशी चिठ्ठी लावून दिली. त्यांना एसीच्या खोलीतून तो बाहेरच्या खोलीत न्यायचा होता, म्हणून एवढेच सांगितले, की गार यंत्र दमट हवेत आणले की लेन्सवर दव धरते, तेव्हा किमान तासभर चालू करू नये. अधूनमधून मंगळवारी त्यांचा फोन येतो आणि मागे सीडी चालू असते.

माझ्याच बुधवारचे यंत्र गेल्या आषाढापासून मुके आहे. स्क्रूच्या त्या कहाणीतील हेच ते यंत्र. त्याच्या जातीचा जुना, न वापरलेला पिकअप कुठे मिळतो का, याचा शोध चालू आहे. तोवर बुधवारी संध्याकाळी मी त्याचे बटण दाबतो. पडदा उजळतो, ट्रे पुढे येते, मी त्यात सीडी ठेवतो, ट्रे आत जाते. लेन्स प्रकाशाच्या शोधात दोन-तीनदा वरखाली होते आणि पडद्यावर सीडी नाही असे अक्षर उमटते. मग मी ते तसेच तासभर चालू ठेवतो, कपॅसिटरना त्यांचे व्होल्टेज मिळते, आतली ओल निघून जाते, आणि बेल्ट एका जागी बसू नये म्हणून बंद करण्यापूर्वी ट्रे आणखी दोनदा उघडून मिटतो.