ग्रीस मृगाआधी, खंडेनवमीला नाही

आपल्याकडे सायकलची खरी सेवा होते ती खंडेनवमीला. धुऊन-पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून आपण तिची पूजा करतो आणि त्याच निमित्ताने बरेच जण ती ओव्हरहॉलिंगलाही टाकतात. पूजा मीही मनापासून करते. पण ग्रीसिंगसाठी तोवर थांबणं म्हणजे पावसाळा संपल्यावर कौलं शाकारणं. ग्रीस भरायचं ते मे महिन्यात, मृग लागायच्या आत.

कारण ग्रीस काही फक्त चाक हलकं फिरावं म्हणून नसतं. ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेलं तेल. (साबण म्हणजे आंघोळीचा नव्हे, लिथियम किंवा कॅल्शियमचा.) नुसतं तेल वाहून जातं, ग्रीस जागा सोडत नाही. बेअरिंगभोवतीची जागा त्याने भरलेली असली की पाण्याला आत शिरायला वाव उरत नाही. पाणी शिरून गेल्यावर, गंज धरल्यावर वरून थापलेलं ग्रीस तो गंज झाकतं, इतकंच.

साताऱ्यात राहून रोडबाइक चालवायची तर पावसाळा टाळून कसं चालेल? यवतेश्वरचा घाट चढून कासला जायची मजाच जुलैतल्या धुक्यात. पण वरची ती लाल, बारीक, चिकट माती पुढचं चाक थेट वर फेकतं, आणि हेडसेटचं (हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगच्या जोडीचं) खालचं बेअरिंग बरोबर तिथेच बसलेलं असतं. आमच्या बिनामडगार्डच्या सायकलींवर सगळ्यात जास्त मार हेच खातं, आणि नजरेआड असल्यामुळे त्याच्याकडे कुणी बघत नाही. पुढचं चाक उचलून धरा आणि हँडल हलक्या हाताने इकडेतिकडे फिरवा. मधोमध येऊन ते खटकन अडकत असेल तर आत खड्डे पडलेत. मग ग्रीसचा उपयोग नाही, बेअरिंगच बदलायचं. अडकत नसेल तर स्टेम (हँडल धरणारा तुकडा) काढा, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) खाली ओढा, सगळं पुसून बेअरिंगच्या वर, खाली आणि बसायच्या जागेवर सढळ हाताने ग्रीस लावा. जोडताना आधी वरच्या टोपीचा बोल्ट, प्ले, म्हणजे ढिलाई, जाईल इतकाच. स्टेमचे बोल्ट त्यानंतर. हा क्रम उलटा केला तर प्ले जात नाही.

माझं सगळ्यात आवडतं काम हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचं. शिमानो कंपनीचे बरेच हब कप-कोनचे असतात (वाटीसारखा कप, शंकूसारखा कोन आणि मधे सुटे छर्रे), म्हणजे पूर्ण उघडता येतात, आणि आजच्या काळात पूर्ण उघडता येणारी वस्तू मला मोलाची वाटते. पुढच्या चाकाला 13 मिलिमीटरचा पातळ पाना लागतो. साधा पाना जाड असतो, तो कोनच्या खाचेत बसतच नाही. खाली जुनी थाळी ठेवायची, लॉकनट सोडवायचा, ॲक्सल (हबमधला दांडा) हळूच ओढायचा, की छर्रे टपटप पडतात. माझ्या पुढच्या हबमध्ये एका बाजूला 10 छर्रे, प्रत्येक 3/16 इंची. मागच्यात 9, पाव इंची. सगळे रॉकेलमध्ये धुऊन, चिंधीने पुसून उजेडात बघा. चकाकी गेलेला एक जरी दिसला तरी पूर्ण संच बदलावा, छर्रे अगदी स्वस्त मिळतात. कोनवर छर्रे फिरतात तिथे बारीक टोचे दिसले तर कोनही बदला. मग कपमध्ये ग्रीसचा जाड थर द्यायचा आणि त्यात एकेक छर्रा चिमट्याने बसवायचा. ग्रीस त्यांना असं धरून ठेवतं की चाक उलटं केलं तरी एकही पडत नाही. क्विक रिलीजचा (पान्याशिवाय, खटका दाबून आवळायचा) हब असेल तर कोन आवळताना अगदी किंचित प्ले राहू द्यायचा. क्विक रिलीज दाबली की ॲक्सल जरासा दबतो आणि तो प्ले निघून जातो. आधीच घट्ट केलं तर छर्रे रगडले जातात.

सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) आणि पेडलचे आटे ही पाच मिनिटांची कामं, पण वगळू नका. घाम आणि पाणी उतरून ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट फ्रेममध्ये असा धरतो की हातोडीलाही दाद देत नाही. स्टीलच्या फ्रेममध्ये तर जास्तच. कार्बनच्या पोस्टला मात्र ग्रीस नको, त्याची वेगळी पेस्ट मिळते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना उभा लावून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्हीकडचं पेडल सुटतं, एवढं ध्यानात ठेवा.

चेनला ग्रीस कधीही नको. ते रोलरच्या (कड्यांमधल्या फिरत्या नळीच्या) आत पोचत नाही, बाहेर बसून माती गोळा करतं. चेनला पातळ तेल, प्रत्येक रोलरवर एक थेंब, आणि मग बाहेरून कोरडी पुसून काढायची. पावसात भिजून आलं की त्याच दिवशी. आणि गाड्या धुणाऱ्यांच्या प्रेशर पंपाखाली सायकल कधी देऊ नका, तो फवारा सील ओलांडून आत जातो आणि तुमचं सगळं ग्रीस धुऊन काढतो. बादली आणि जुना ब्रश पुरे.

महागड्या ट्यूबचीही गरज नाही. ऑटोमोबाईलच्या दुकानात चाकांच्या बेअरिंगसाठी लिथियम ग्रीसचा अर्धा किलोचा डबा मिळतो, तो घरच्या सगळ्या सायकलींना कित्येक वर्षं पुरतो. फक्त जुनं ग्रीस पूर्ण पुसून मगच नवं भरा. दोन जातींची ग्रीस एकत्र आली तर काही वेळा पातळ होऊन वाहून जातात. रिमला आणि ब्रेकपॅडला हात लावण्याआधी हात साबणाने स्वच्छ धुवा.

सगळं जोडून झालं की आधी सपाटीवर एखादी छोटी फेरी मारा, घाटात लगेच जाऊ नका. घरी आल्यावर चाक रिमला धरून आडवं हलवून बघा. नवे छर्रे जागेवर बसले की कोन थोडा सैल पडू शकतो, तो तेव्हाच पुन्हा लावून घ्यायचा.