रक्त सात आहे म्हणे

लहान मुलांच्या वॉर्डात ड्युटी करणाऱ्या कुणालाही विचारा, पोरगं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेलं दिसलं तरी राउंडला डॉक्टर काय बोलले ते सगळं ऐकत असतं, आणि जे कळत नाही त्याचा अर्थ स्वतःच लावून मोकळं होतं. पांढऱ्या पेशी वाढल्यात हे ऐकून आपण आता पांढरे पडणार म्हणून सारखी हाताची कातडी बघत बसणारी मुलगी मी पाहिलीय. पण त्या आठ वर्षांच्या पोराचा हिशोब वेगळाच होता, आणि खरं सांगू का, हिशोब म्हणून त्यात चूक काढायला जागाच नव्हती.

तापासाठी ॲडमिट होता, काउंट बघायला रोज सकाळी रक्त जायचं आणि हा शहाण्यासारखा हात पुढे करायचा. त्या दिवशी मात्र लॅबवाले दादा ट्रे घेऊन आले तसा पठ्ठ्या दोन्ही हात पोटाखाली दाबून पालथा पडला तो उठेचना. आई समजावतेय, दादा घड्याळ बघतायत, वॉर्डातल्या मावशी म्हणतायत धरा दोघींनी, मिनिटाचं काम आहे. धरून काम होतं हो, पण पुढच्या वेळी त्याच पोराला धरायला चौघं लागतात, त्यामुळे अगदी इमर्जन्सी नसेल तर मी धरू देत नाही. दादांना म्हटलं तुम्ही बाकीचे बेड उरकून या.

खाली वाकून विचारलं, काय रे, सुई दुखते?

"तेवढी नाही दुखत."

"मग?"

"सातच उरलंय. आणि रोज एक नेतात."

मला टोटलच लागेना. मग त्याच्या आईकडून कळलं की आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, याचं रक्त कमी आहे, सात आहे. झालं! रक्त सात ट्यूब, रोज एक जांभळ्या झाकणाची ट्यूब जाते, म्हणजे आठवड्यात खेळ खलास. वर त्याचा सवाल असा की रक्त कमी आहे असं तुम्हीच म्हणता आणि तुम्हीच काढून कसं काय नेता. काय बोलणार?

नुसतं घाबरू नकोस म्हणून हे मिटणारं नव्हतं. त्याचं वजन वीस किलो, मुलांमध्ये किलोमागे साधारण 75 मिली रक्त धरतात, म्हणजे झालं दीड लिटर. एक लिटरची एक आणि अर्ध्या लिटरची एक अशा पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या टेबलावर ठेवल्या, बिनसुईची सिरिंज त्याच्या हातात दिली आणि म्हटलं हे बघ तुझं रक्त, ट्यूबमध्ये जातं दोन मिली, काढ. त्याने मोठ्या बाटलीवर पेनाने पाण्याच्या पातळीची खूण केली (हे मी सांगितलं नव्हतं), दोन मिली ओढलं, डोळा बाटलीला लावून बघितलं. परत ओढलं, परत बघितलं. रेघेखाली पाणी गेलेलं नीट दिसेपर्यंत त्याने मला सोडलं नाही, पण तोवर अंगावरची धास्ती उतरली होती.

मग आला आकड्यावर. सात म्हणजे काय मग? सांगितलं की तुझं रक्त भरपूर आहे, त्यातलं हिमोग्लोबिन कमी पडलंय, 100 मिली रक्तात तुझ्याकडे 7 ग्रॅम आहे आणि तुझ्या वयाला निदान साडेअकरा तरी लागतं. ते फुप्फुसातला ऑक्सिजन उचलून अंगभर पोचवतं, त्याच्यामुळेच रक्त लाल दिसतं, आणि ते कमी असलं की पळताना दम लागतो. "मला लागतो!" म्हणाला, जणू बक्षीस लागलंय. ते बनायला लोह लागतं म्हटल्यावर लगेच, मग लोहचुंबक चिकटेल? नाही चिकटत रे बाबा, मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगात मिळून तीनचार ग्रॅम लोह असतं आणि तेही खिळ्यासारखं सुटं नसतं, हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं. चेहरा पडला त्याचा.

आणि गेलेलं भरून कसं येतं? हाडात बनतं म्हटलं तर विश्वासच बसेना, हाडं तर कडक असतात म्हणे. आत मऊ मगज असतो, तिथे लाल पेशी सतत तयार होतात, मोठ्या माणसात सेकंदाला 20 लाखांच्या आसपास, एकेक पेशी चार महिने काम करते आणि मग मोडीत निघते. तो आपली नडगी दाबत बसला, आता किती झाल्या, आता किती झाल्या.

दादा परत आले. दुखणार का, तर हो, थोडं दुखेल, तसंच सांगितलं. रक्त घेतल्यावर ती ट्यूब आठदहा वेळा हळूच उलटीसुलटी करतात, आत रक्त न गोठण्याचं औषध असतं ते मिसळायला, तर ते मोजायचं काम त्याच्याकडे दिलं. दादांनी सहाला थांबवलं तर हा म्हणे, अजून दोन.

ताप उतरल्यावर लोहाचं सिरप सुरू झालं. शी काळी होईल, घाबरायचं नाही, हे आधीच सांगून ठेवलं, नाहीतर बाथरूममधून नवीन हिशोब घेऊन आला असता. आणि सिरप स्ट्रॉने प्यायचं, नाहीतर दात काळे पडतात. यावर साहेबांचा एकच प्रश्न होता, किती काळे?