वाचनाच्या कार्यक्रमात पाळणाघर कसं आलं

बीडमधल्या ऊसतोड कामगारांच्या गावांसाठी वाचनाचा कार्यक्रम आखायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा निधी देणाऱ्यांच्या मनात टॅब वाटायचं पक्कं होतं. म्हटलं, पोरं कुठं अडलीत ते आधी बघू तरी.

चाचणी नवी काढली नाही. 'असर' या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत २००५ पासून 'प्रथम' ही संस्था जी वापरते तीच घेतली: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एकेका मुलाला घरी शेजारी बसवून. मजकूर अनोळखीच का हवा, ते चौथीतल्या एका मुलीमुळे कळलं. पुस्तकातला धडा तिनं घडाघडा म्हटला, पानही बरोबर जागी उलटलं. चाचणीच्या कार्डावरच्या नव्या मजकुरात मात्र दुसऱ्याच शब्दाला अडखळली.

इयत्तेप्रमाणे आकडे मांडून काहीच हाती लागेना. हजेरीपत्रकात तर सगळेच हजर! "मूल किती दिवस शाळेत गेलं नाही?" या आमच्या प्रश्नालाही घरोघरी एकच उत्तर, "रोज जातंय की." आमची एक कार्यकर्ती स्वतः ऊसतोडीला जाऊन आलेली. तिनं तो प्रश्न खोडला आणि विचारायला लागली, "औंदा कोयता कुठल्या कारखान्याला? लेकरं संगं नेणार का आजीपाशी?" (कोयता म्हणजे ऊस तोडायला जाणारं जोडपं.) मग माणसं मोकळी झाली. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली, टोळी नेणारा मुकादम कसा आहे, सगळंच निघालं.

संगं जाणारी मुलं मागे पडतात, हे सांगायला सर्वेक्षण कशाला हवं? पण भावंडांच्या ओळी एक्सेलमध्ये एकाखाली एक लावल्या आणि खरी गोम दिसली. पुष्कळ घरांत मुलगा आजीजवळ राहून गोष्ट वाचत होता आणि त्याची थोरली बहीण अजून शब्दांवरच होती. आईबाप उसाच्या फडात असताना कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, तान्ह्या बाळाला धरायला तिला नेत होते. मागे राहणाऱ्या मुलांच्या हंगामी वसतिगृहात तिच्यासाठी जागा असूनही उपयोग नव्हता, कारण बाळाचं काय?

म्हणून टॅबचे पैसे वळवले टोळ्यांच्या तळांवरच्या पाळणाघरांकडे आणि गावात संध्याकाळच्या, पातळीनुसार गट केलेल्या वर्गांकडे. "वाचनाच्या कार्यक्रमात पाळणाघर?" हा प्रश्न बैठकीत आलाच. भावंडांचा तक्ता समोर ठेवला.

पैसे सगळ्या गावांना पुरणारे नव्हते, तेव्हा पहिल्या वर्षीची गावं चिठ्ठ्या टाकून निवडली. यामुळे वशिल्याचा आरोप टळला आणि तुलनेला उरलेली गावंही मिळाली. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांनी 'प्रथम'च्या बालसखी वर्गांची, म्हणजे मागे पडलेल्या मुलांच्या जादा वर्गांची, मुंबई-वडोदऱ्यात पारख केली ती अशाच सोडतीच्या तत्त्वावर. निधीवाल्यांना या दोघांना मिळालेल्या २०१९च्या नोबेलचं नाव सांगितल्यावर चिठ्ठ्या एकदम शास्त्रीय वाटू लागल्या, तो भाग वेगळा.

पाडव्याच्या सुमारास टोळ्या परततील तेव्हा दोन्हीकडच्या गावांत पुन्हा चाचणी आहे, नव्या कार्डांवर. या वेळी थोरल्या मुलींचा तक्ता आधी काढायचा, असं ठरलंय.